बाबांच्या नावावर गेलेला माणूस

लातूर
६ सप्टेंबर २०२१

ताई, जय भीम.

शाळेच्या पत्त्यावर पत्र बघून दचकली असशील. मोबाईल असताना ही बया कामून पत्र लिहून राहिली? कारणं दोन. एक, तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि माय कान देऊन बाजूलाच बसलेली असते. दुसरं, मी फोनवर खोटं बोलते. पलीकडून कुणी ‘कसं हाय’ म्हणालं की माझ्या तोंडातून ‘मजेत’ बाहेर पडतं, मग अंगात ताप का असेना. एप्रिलमध्येही तसंच झालं. त्याच्याबद्दलच लिहायचंय. पत्र ऑफिसातच वाच, घरी नेऊ नको. मायला वाचता येत नाही हे खरं, पण तुझं तोंड बघून तिला सगळं कळतं.

आधी कामाचं सांगते, म्हणजे हात चालायला लागेल. मी काय करते ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. सांगणार कधी, अडीच वर्षं आपण बोलतच नव्हतो. आमच्या नागरी आरोग्य केंद्राकडं रस्त्यावर राहणाऱ्यांची यादी आहे. स्टेशन, बसस्टँड, गोलाईचा बाजार, एक दर्गा. दर सोमवारी मी आणि राजकन्या, म्हणजे आमची आशा कार्यकर्ती, औषधाची पेटी घेऊन फिरतो. गेल्या साली कोरोनाच्या पहिल्या लाटेत ही माणसं आम्हाला पांढऱ्या किटमध्ये बघून पळायची. धोंडाबाई म्हणून एक म्हातारी आहे, ती म्हणाली, “कफन घालून तूच आली का गं मला न्यायला?” मग मी किट काढून नुसता मास्क लावून जायला लागले. साहेबांच्या शिव्या खाल्ल्या.

ऑक्सिमीटर लावायच्या आधी यांचं बोट साबणानं धुवावं लागतं, इतका थर असतो की मशीन आकडाच दाखवत नाही. मध्येच वरून हुकूम आला, खोकणाऱ्यांच्या हातावर शिक्का मारा. शिक्क्यावर काय, तर ‘घरातच राहा’. धोंडाबाईच्या हातावर मीच मारला. काय लिहिलंय म्हणून तिनं विचारलं. मी म्हणाले, तब्येतीला जप असं लिहिलंय. बघ, तिथंही खोटंच.

आता मुद्द्याचं. आज सोमवार, स्टेशनवर लस द्यायला गेलो होतो. आता आधार कार्ड नसलेल्यांनाही लस देता येते, तशी पद्धत निघालीय. एक बाई आली, पन्नाशीची, भालकीकडची. शरणम्मा नाव. प्लास्टिकच्या पिशवीत फोटो घेऊन फिरून राहिली. नवरा यंदाच्या होळीपासून गायब आहे, डोक्यानं जरा हलला होता म्हणते. बीदर, उदगीर, परळी, सगळी स्टेशनं करून आली. नवऱ्याचं नाव विचारलं तर खाली मान घालून बसली, नाव कसं घ्यायचं. शेवटी रेशनकार्ड काढून त्यावर बोट ठेवलं. गुरलिंगप्पा.

“बाई, तुमी दवापाणी करता, तुमाला समदे माहीत असत्यात. ह्यांना बघितलं का?”

फोटो हातात घेतला, उजेडाकडं धरला, नीट बघितला. म्हणाले, नाही बघितलं.

पुढं कधीतरी सोमवारी परत येते म्हणाली आणि गेली. ती गेल्यावर राजकन्या मला म्हणते, “मॅडम, हे तर एप्रिलातले बाबा. आपण दोघींनीच उचलून गाडीत घातलं की.” मी तिच्यावरच खेकसले, तुला प्रत्येक दाढीवाला तोच वाटतो म्हणून.

ताई, तिचं बरोबर आहे. फोटोतला माणूस तोच आहे. आणि तो माणूस इथल्या दवाखान्यात आपल्या बाबांच्या नावानं वारला. एप्रिलमध्ये आपण ज्यांच्यासाठी रडलो ते आपले बाबा नव्हते.

लिहिलं बाई एकदाचं. आता खोडत नाही.

पंचशीला


लातूर
१४ सप्टेंबर २०२१

ताई,

परवा तुझा फोन आला. “पंचे, खरं का गं?” एवढंच म्हणालीस आणि मागून मायचा आवाज आला तसा ठेवून दिलास. बरं केलंस.

कसं झालं ते सांगते, मग काय ती शिक्षा दे. एकोणीस एप्रिलला तो स्टेशनबाहेर पाण्याच्या टाकीपाशी पडलेला सापडला. ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तर. शुद्ध अशी नव्हतीच, “नीरू, नीरू” तेवढं म्हणायचा, म्हणजे कानडीत पाणी. गाडी घेऊन तीन ठिकाणी फिरलो, सगळीकडं फुल्ल. चौथ्या ठिकाणी एक खाट होती. खिडकीवरच्यानं विचारलं, नाव? आधार? मी म्हणाले, अनोळखी लिहा. तो म्हणाला, अनोळखी असेल तर आधी पोलिसांचा कागद आणा. मागं अजून दोन गाड्या येऊन लागल्या होत्या, त्यांच्याकडं आधार होतं. मी पोलिसांकडं गेले असते तर खाटही गेली असती आणि माणूसही.

माझ्या पर्समध्ये बाबांच्या आधारची झेरॉक्स होती. ते हरवले तेव्हा पोलिसांत द्यायला काढलेल्या कॉप्यांतली उरलेली एक. तेव्हापासून पर्स दोनदा बदलली, पण ती कॉपी आपली एकीतून दुसरीत जायची. मी ती खिडकीत सरकवली. मारोती सोनकांबळे, वय त्र्याहत्तर, तालुका लोहा. खिडकीवरच्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, आठ दिवसांत बरा होईल, आपल्या वाटेनं जाईल, कुणाला कळतंय? ती झेरॉक्स दिली याचं मला आजही काही वाटत नाही. उद्या तसाच दिवस आला तर परत देईन. पुढं जे केलं त्याचं वाटतं.

पॉझिटिव्ह लोकांची यादी पत्त्याप्रमाणं गावोगाव जायची. मला हे सुचलंच नाही बघ, एवढी वर्षं याच खात्यात काढून. लोह्याकडून आपल्या गावच्या आशाताईला निरोप गेला, ती आपल्या जुन्या घरी गेली, मारोतीच्या संपर्कात कोण कोण आलं होतं म्हणून विचारायला. चुलत्यानं तुला फोन लावला. आणि तू मला.

अडीच वर्षांनी फोन केलास. मी तुला काय काय बोलले होते ते तुला आठवत असेल, मला शब्दन् शब्द आठवतो. तुम्ही दोघींनी मिळून बाबांना घालवलं, म्हणाले होते. बाबा विसरायला लागले होते, अंथरूण ओलं करायचे. एका दिवसात तिसऱ्यांदा धुताना मायचा तोल गेला, “जावा कुठंबी, परत तोंड दाखवू नगा,” आणि ते खरंच उठून गेले. तू तर त्या वेळी शाळेत होतीस. तरी मी तुलाच धरलं आणि तुझा नंबर काढून टाकला. लातुरात बसून अक्कल शिकवली. बाबांचं अंथरूण मी एक दिवस धुतलं नाही, ताई.

आणि त्या दिवशी तुझा आवाज. “पंचे, बाबा सापडले? मला सांगितलं का न्हाईस गं?” मागून माय, “जित्ते हायेत का? ए पोरी, जित्ते हायेत का?” मला फक्त ‘ते बाबा नाहीत, दुसरेच आहेत’ एवढं म्हणायचं होतं. मी म्हणाले, “हो. ऑक्सिजनवर आहेत.”

कामून म्हणाले? तू मला पंचे म्हणालीस म्हणून. इथं मी सगळ्यांची सिस्टर, मॅडम. पंचे म्हणणारं कुणी नाही. खरं सांगितलं तर तू फोन ठेवशील आणि परत कधी करणार नाहीस, याची भीती वाटली. याच्यापेक्षा मोठं कारण माझ्याकडं नाही.

जिल्हाबंदी होती, तुम्हाला येता येत नव्हतं. व्हिडिओ लाव म्हणालात. मी म्हणाले, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या फोनमधून काही दिसत नाही. पण बावीस तारखेला संध्याकाळी, माझी ड्युटी तिथंच लागली होती, मी फोन आत नेला आणि त्याच्या कानाला लावला. मायचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“अवो, म्या बोलतेय. म्या त्या दिशी बोलले ते मनातून न्हवतं हो. हात दुखत व्हते, तोंडाला आलं ते बोलले. तुमी खरंच जाताल असं वाटलं न्हाई. मी लई इचारलं तुमाला गावोगाव. या हो घरी. कितीबी अंथरूण भिजू द्या, मी धुते. मनात राग ठेवू नगा. माफ केलं म्हणा एकदा.”

तो डोळे उघडे ठेवून ऐकत होता. मास्कच्या कडेनं पाणी आलं त्याच्या. म्हणाला, “हूं.”

मायनं ते ऐकलं. मी फोन काढून घेतला.

चोवीसला तो गेला. कसं करायचं म्हणून तुम्हाला विचारलं, तू म्हणालीस आपल्यात दहन करतात. दाजी पास काढून अस्थी घेऊन गेले, लोह्याच्या शेतात लिंबाखाली पुरल्या, जलदान विधी झाला. रजा मिळत नाही असं मी सांगितलं होतं. मी रजा मागितलीच नव्हती.

पंचशीला


लातूर
२३ सप्टेंबर २०२१

ताई,

तुझं पत्र मिळालं. पाचच ओळी, पण किती वेळा वाचल्या विचारू नको. ‘झालं ते झालं. माय आता झोपते. इतके दिवस झोपेतून उठून बसायची. बाबांनी माफ केलं म्हणून शेजारपाजारच्यांना सांगते. तिचं हे काढून घेऊ नको. त्या बाईला एक शब्द बोलशील तर तुला माझी शपथ.’

तुझं सगळं बरोबर आहे. मीही तेच ठरवलं होतं. आपली माय ती आपली माय, शरणम्मा कोण? रोज अशा किती येतात फोटो घेऊन.

पण ती सोमवारी परत आली. माझ्यासाठी शेंगाची चटणी आणली होती, कागदात बांधून. मी म्हणाले, हे कशाला? तर म्हणते, “दुसरे लोक फोटोकडं न बघताच न्हाई म्हणत्यात बाई. तुमी तेवढा हातात घेऊन बघितला.”

काय करू सांग. जमीन फाटावी आणि पोटात घ्यावं असं झालं. मी चटणी घेतली. घेतली गं! आणि पुन्हा म्हणाले, कुठं दिसले तर कळवते. राजकन्या उठून पाण्याच्या नळाकडं निघून गेली.

अजून एक आहे. मागच्या पत्रात मी तुझ्यापासून एक लपवलं. बावीसच्या सकाळी तो सुधारला होता. ऑक्सिजन एक्क्याण्णव. उशी लावून बसवला, चहात बुडवून दोन बिस्किटं खाल्ली त्यानं. शेजारच्या खाटेवर उदगीरचा एक माणूस होता, त्याच्याशी चार शब्द बोललाही. म्हणजे बोलण्यासारखा होता. पोटच्या पोरीनं विचारावं तसं मी जवळ बसून विचारलं असतं, बाबा, नाव काय तुमचं, गाव कोणतं, तर त्यानं सांगितलं असतं. मी त्या दिवशी तीनदा त्याच्या खाटेपाशी गेले. नाडी बघितली, सलाईन बघितलं, पांघरूण सारखं केलं. नाव विचारलं नाही.

कारण नाव सांगितलं असतं तर संध्याकाळी मायला फोन लावता आला नसता.

ताई, त्याच्याकडं अजून दोन दिवस होते. शरणम्मा त्या वेळी भालकीत घरी बसली होती, मोबाईल हातात घेऊन, गाड्या कमी म्हणून निघता येत नव्हतं तिला. नाव कळलं असतं तर तासाभरात तिच्यापर्यंत निरोप गेला असता. ती बोलली असती त्याच्याशी, त्यांच्या भाषेत. फोनवरची ती दहा मिनिटं तिची होती. मी मायला दिली.

मायच्या मनाला लागू नये म्हणून मी अजून किती दिवस त्या बाईला स्टेशनं हिंडायला लावू? तिनं आता सोलापूरला जायचं ठरवलंय. तिथून पुढं कुणीतरी पंढरपूर सांगितलंय, कुणीतरी पुणे. मला माहीत आहे तो कुठं आहे, आणि ती हिंडतेय.

तू शपथ घातलीस. मी मोडणार आहे. घाल काय शिव्या घालायच्या त्या.

पंचशीला


लातूर
५ ऑक्टोबर २०२१

ताई,

काल सांगितलं. स्टेशनबाहेरच्या बाकावर बसवून, राजकन्याला बाजूला बसवून. सुरुवात कशी करायची ते चार दिवस ठरवत होते, ऐन वेळी सगळं विसरले. म्हणाले, शरणम्मा, मी तुमच्याशी दोनदा खोटं बोलले. तुमचे मालक एप्रिलमध्ये गेले. मी होते तिथं.

ती मारील असं वाटलं होतं. मारायला पाहिजे होतं. ती बराच वेळ फोटोची पिशवी नीट करत बसली. मग विचारलं, “पाणी पिलं का शेवटी?” मी म्हणाले, हो, मी पाजलं. “जेवण?” बिस्किटं खाल्ली, खिचडी नको म्हणाले. “खिचडी आवडतच न्हाई त्यांना,” म्हणाली आणि तेव्हा रडायला लागली.

मग म्हणाली, “पुरलं कुठं? आमच्यात पुरतात बाई. बसवून पुरतात.” मी सांगितलं, कागदावर नाव आमच्या बाबांचं होतं, आमच्यात दहन करतात. मग तिला आधारचं, खिडकीचं, तुझ्या फोनचं, सगळं सांगितलं. काहीच ठेवलं नाही मागं. नाव विचारलं नाही तेही सांगितलं. ते ऐकताना तिनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मी कुणाला सांगू शकत नाही, तुलाही नाही.

शेवटी मायच्या बोलण्याचं निघालं. तिनं विचारलं, काय म्हणली तुमची माय? मी मायचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

“आन् ह्यांनी?”

“हूं म्हणाले.”

“मराठी चांगलं समजत होतं त्यांना,” शरणम्मा म्हणाली. “उदगीरच्या आडतीत बारा वर्षं हमाली केली.”

म्हणजे त्याला कळलं होतं, ताई. परकी बाई आपल्याला नवरा समजून माफी मागतेय हे कळून त्यानं हूं म्हटलं. मरायला टेकलेला माणूस. आणि मी, धडधाकट, चार अक्षरं शिकलेली, मला त्याचं नाव विचारायला झालं नाही.

तिला ती जागा बघायची आहे. मी दाजींचा नंबर दिलाय. ती येईल, तिला नाही म्हणू नका. आणि ती यायच्या आधी मायला सांगावं लागेल. मी आले तर मायसमोर माझं तोंड उघडणार नाही, मी स्वतःला ओळखते. तू सांग. हेही तुझ्याच गळ्यात घातलं, त्या अंथरुणासारखं. कोणत्या तोंडानं सांगतेय ते माझं मला माहीत.

ऑफिसात आज लेखी दिलं. मृत्यूचा दाखला रद्द होईल, गुरलिंगप्पाच्या नावानं नवीन निघेल. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. बाबा कुठं असतील तिथं कागदावर तरी जिवंत राहतील. उद्या कुठल्या गावात माझ्यासारखीच एखादी सिस्टर त्यांचं बोट धुऊन ऑक्सिमीटर लावत असेल. ती नाव विचारत असेल एवढीच आशा.

पंचशीला


नांदेड
२० ऑक्टोबर २०२१

पंचशीला,

शरणम्मा रविवारी आली. हे तिला लोह्याला शेतात घेऊन गेले. मी आणि मायही गेलो. मायला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. वाटलं होतं कोसळेल. पण ती एवढंच म्हणाली, “मग मी येते. त्या बाईला एकटीला कशाला पाठवायचं?”

लिंबाखाली शरणम्मानं माती उकरली नाही, नुसता हात ठेवून बसली. विभूती लावली, कानडीत काहीतरी म्हणाली. “मातीत तरी हायत,” असं आमच्याकडं बघून म्हणाली. माय तिच्याजवळ जाऊन बसली. दोघी लई वेळ बसल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. निघताना मायनं तिचे पाय धरले, ती नको नको म्हणत होती तरी. हे तिला उदगीरच्या गाडीत बसवून आले.

तू केलंस ते बरोबरच केलंस, हे मला कळतं. पण मला तुझा राग आलाय आणि तो एवढ्यात जाईल असं वाटत नाही. फोन करू नको. मी करीन तेव्हा उचल.

मायचं तेवढं सांगते, कारण ते तुला माहीत असायला पाहिजे. चार दिवस झाले, ती नीट जेवत नाही. काल ताट तसंच समोर ठेवून बसली होती. मी म्हणाले, माय, दोन घास खाऊन घे. तर माझ्याकडं बघून म्हणाली, “मनिषा, म्या माफी मागितली ती त्यांच्या कानावर गेलीच न्हाई की गं. त्यांना अजून तेच वाटत असंल, मी येऊ नगा म्हणले म्हणून. म्हणून येईनात ते.”

मनिषा